आमच्या घरचं कोणी नसलेली भिंत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची लांबच लांब भिंत होती आणि देवळीच्या बाजाराला येणारा अर्धा तालुका तिचा उपयोग मुतारी म्हणून करत असे. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे त्या भिंतीविषयी लोक फार मोठमोठं बोलू लागले. कलेबिलेचं कोणाच्या मनातही नव्हतं. सुरुवात वासापासून झाली.

गल्लीतल्या बायकांनी सगळे उपाय करून पाहिले होते. फिनाईल झालं, पाटी झाली, पाटीवरच्या शिव्या झाल्या. शेवटी सगळीकडे करतात तेच करायचं ठरलं, भिंतीवर देवांच्या टाइल्स बसवायच्या. पानठेलेवाले काका वर्गणी काढायला निघाले आणि माझ्या दादाला विचारायला आमच्या अंगणात आले, कारण दादा पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरवरची नावं, कपाशीच्या बियाण्याच्या जाहिराती, सगळं तोच रंगवायचा. दादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, आपण नाकाले रुमाल लावून जातो अन् देवाले तथी चोवीस तास उभं करता? त्यानं काय पाप केलं बाप्पा?"

"मंग का करावं म्हणतं?"

"आपणच उभे राहू ना. साऱ्या गल्लीले काढतो मी. तान्ह्या पोळ्याले उभे राह्यतो तसे."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडाचे नंदी सजवून ओढत नेतात आणि अख्खी गल्ली कामधाम सोडून दारात उभी राहते. दादाच्या डोक्यात ते चित्र कधीपासून होतं कोण जाणे. पानठेलेवाले काका हसत सुटले. पण टाइल्सपेक्षा हे स्वस्तात पडणार होतं, म्हणून हो म्हणाले.

घरात मात्र वादळ उठलं. आमचे बाबा किराणा दुकानदार. दुकान बाजारात, आणि दुकानाची पाटी दादाच्याच हातची. ती पाटी बाबा रोज सकाळी स्वतः ओल्या फडक्यानं पुसायचे, नोकराला हात लावू द्यायचे नाहीत. तेव्हा पोराच्या धंद्याची त्यांना लाज होती असं कोणी समजू नये. त्यांना भीती होती. आमच्या मधल्या खोलीत एका ओळीत फोटो लावलेले होते, आजोबा, आजी, एक काका, सगळ्यांना चंदनाचे हार. आजोबांचा तो फोटो म्हणजे त्यांच्या जन्मात काढलेला एकुलता एक. कोणाच्या तरी लग्नाला वर्ध्याहून फोटोवाला आला, त्यानं हौसेनं काढला, आणि फोटो धुऊन घरी येईपर्यंत आजोबा गेले. बाबा तेव्हा लहान होते. त्यांच्या डोक्यात त्या दोन गोष्टींची जी गाठ बसली ती काही केल्या सुटली नाही. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांनी ऐन वेळी मान फिरवली आहे, त्यामुळे आईशेजारी एक कान आणि फेट्याचा तुरा दिसतो.

"जित्या माणसाले भिंतीवर चढवू नाई," ते म्हणाले. "लोकायचं लोक पाह्यतीन. पण आपल्या घरचं कोणी काढू नको. मी नाई, तुही माय नाई, हे पोरगी नाई. अन् तू त नाईच नाई." आणि त्यांनी दादाचा हात धरून आईच्या डोक्यावर ठेवला. आई पोळ्या लाटत होती, तिनं मानही वर केली नाही. दादानं शपथ घेतली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला बाबांचा असा संताप आला होता की मी दोन घास कमीच जेवले. मला त्या भिंतीवर जायचं होतं. माझ्या मैत्रिणी जाणार होत्या.

कामाला उन्हाळ्यात सुरुवात झाली. दादाची पद्धत साधी होती. माणसाला भिंतीला टेकवून उभं करायचा, स्वतः रस्त्यात स्टूल टाकून बसायचा आणि कोळशानं कागदावर चेहरा काढून घ्यायचा. मग तो जिथे उभा होता तिथेच, त्याच्याच उंचीचा, भिंतीवर. रंग म्हणजे पाट्यांच्या कामातून उरलेले डबे. त्यामुळे कोणाला कोणत्या रंगाचं लुगडं मिळेल ते तालुक्यात त्या महिन्यात कोणतं दुकान उघडलं यावर ठरायचं. कृषी केंद्राचा हिरवा रंग भरपूर उरला म्हणून गल्लीतल्या तीन सुना हिरव्या साडीत आहेत. त्यांच्यात पुढे त्यावरून अबोलाही झाला.

मागण्या तर विचारू नका. एकाला मिशी दाट हवी, एकीला रंग उजळ. एक काका स्वतःऐवजी आपला बैल काढ म्हणून अडून बसले, तर दादानं दोघांना काढलं, बैलाला पुढे. कोपऱ्यावरच्या आजीला नथ पाहिजे होती. तिच्याकडे नथ कधीच नव्हती, दादाला हे ठाऊक होतं. त्यानं अशी टपोरी नथ काढली की आजी दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीसमोर पाटावर बसून भाजी निवडत होती.

पोळ्याच्या आधी भिंत पूर्ण झाली. वास गेला. पहिले काही दिवस बाजारातली माणसं सवयीनं तिथवर यायची, आणि वळून निघून जायची. वर्ध्याहून चित्रकलेचे मास्तर पाहायला आले, कोणी तरी कॅमेरा घेऊन आलं. दादाच्या लग्नाचं जमत नव्हतं, पेंटरला मुलगी कोण देणार म्हणून. भिंतीनंतर एक-दोन स्थळंही येऊन गेली. पण त्याला खरं एकच हवं होतं. संध्याकाळी हातपाय धुऊन आला की तो मला हळूच विचारायचा, "आज तरी बाबा तिकून आले का वं?"

बाबा तिकडून येत नव्हते. दुकानाची सरळ वाट भिंतीसमोरून जायची. ते बस स्टँडला वळसा घालून जायचे, उन्हात, पिशव्या घेऊन. दादा त्यांना चिडवायचा, "बाबा, त्या बस स्टँडच्या रस्त्यावर तुमच्या चपलायचे ठसे उमटले असतीन आता." बाबाही हसायचे. पण वळसा सुटला नाही. आई एकदा हळदीकुंकवाला जाते सांगून जाऊन पाहून आली होती. तिनं दादाला फक्त एवढंच सांगितलं की कोपऱ्यावरच्या आजीचे डोळे अगदी तसेच जमले आहेत. त्यावर तो दिवसभर गुणगुणत होता.

मग कोपऱ्यावरची आजी गेली. तिचे मुलगे नागपूरला, घरात तिचा एकही फोटो नव्हता. तेरवीला, म्हणजे तेराव्याला, हार घालायचा तर कशावर? मोठा मुलगा हार घेऊन सरळ भिंतीशी आला, खिळा ठोकला आणि आईच्या चित्राला हार घातला. उदबत्ती लावली. मग त्यानं दादाला विनंती केली की कपाळाला चंदनाचा टिळा तेवढा काढून दे. दादाला ते आवडलं नाही, मला त्याच्या तोंडावर दिसलं. पण त्यानं बारीक ब्रश घेतला आणि काढून दिला.

तिथून प्रथाच पडली. घरात चांगले फ्रेम केलेले फोटो असले तरी गल्लीतलं माणूस गेलं की तेरवीला हार भिंतीवर यायचा आणि दादा टिळा काढायला जायचा. नव्या शतकाची पहिली दोन-चार वर्षं अशीच गेली. माझं लग्न होऊन मी वर्ध्याला नालवाडीत आले. सणावारी देवळीला गेले की दादा मला भिंतीवर फिरवून आणायचा आणि कोणाचे टिळे नवीन ते दाखवायचा. हसत नसायचा. बाबा जेवताना एकच शब्द बोलायचे, "पाह्य."

घोटाळा झाला तो दसऱ्याला. आमच्याकडे दसऱ्याला झेंडूची तोरणं लागणार नाहीत अशी वस्तू नाही. सायकल, ट्रॅक्टर, वजनाचा काटा, शिलाई मशीन, दाराची चौकट, सगळ्याला फुलं. त्या वर्षी दुर्गा उत्सव मंडळाच्या पोरांकडे फुलं उरली. त्यांना दादा म्हणजे जीव की प्राण. त्यांना वाटलं, दादाच्या ब्रशांची पूजा होते तर दादाच्या भिंतीची का नाही? पहाटे उठून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत तोरण बांधलं. तेरवीच्या हारांचे खिळे आधीचे होतेच, मधे आणखी ठोकले. तोरण ओलं, जड. दोन खिळ्यांच्या मधे ते खाली झुकलं, आणि ज्याच्या त्याच्या गळ्यात पडल्यासारखं दिसू लागलं.

मी त्या दिवशी देवळीलाच होते. सोनं द्यायला लोक घराबाहेर पडले, आणि पहिल्यांदा पानठेलेवाल्या काकूंचा ओरडा ऐकू आला. त्या स्वतःच्या चित्रासमोर उभ्या होत्या आणि त्यांच्या गळ्यात हार होता. एकेक जण येत गेलं आणि आपल्यालाच हार घातलेला पाहत गेलं. चांगली धडधाकट माणसं, नवे कपडे घातलेली, हातात आपट्याची पानं. कोणी पोरांना शिव्या दिल्या, कोणी रडलं. मंडळाची पोरं पांढरीफटक पडली होती. "काकू, तोरण हाये जी ते, हार नाई," असं एक जण पुन्हा पुन्हा सांगत होता.

दादा शिडी घेऊन आला आणि त्यानं एकट्यानं सगळं तोरण उतरवलं. कोणी मदतीला पुढे झालं नाही.

त्यानंतर गल्लीला चैन पडेना. कोणाला ठसका लागला तरी घरचे एकमेकांकडे बघायचे. दिवाळीच्या आत पानठेलेवाल्या काकूच प्रथम आल्या. "बापा, मले पुसून टाक. तुह्या पाया पडतो." मग दुसरे आले. दादानं समजावून पाहिलं, एकदा चिडलासुद्धा. पण भ्यालेल्या माणसाशी भांडणार किती? पांढरा चुना मारला तर ठिगळ दिसेल म्हणून तो पुसलेल्या माणसाच्या जागी लिंबाचं झाड काढायचा. तान्ह्या पोळ्याच्या गर्दीत अशी मधेमधे झाडं उगवली. काही घरांनी मात्र पुसायला नकार दिला, आणि कोपऱ्यावरची आजी तर नथ घालून होतीच.

"माणूस काढाले दिवस दिवस लागे वं," दादा मला म्हणाला. "झाड एका दुपारी होऊन जाते." बाबांनी त्या काळात त्याला एका शब्दानं टोचलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. उलट ते मनातून सुटल्यासारखे दिसत होते. आपल्या घरचं कोणी भिंतीवर नाही. त्यांनी वेळीच शपथ घातली होती. आईला ते म्हणाल्याचं मी ऐकलं, "पाह्यलं? मी उगाच नव्हतो म्हणत."

तोवर वर्ध्यात फ्लेक्स छापणारी दुकानं निघाली होती. पाट्यांचं काम आटत चाललं. दुकानाच्या पाटीवर आता मालकाचाच हसरा फोटो यायचा आणि रंगाला कोणी विचारत नव्हतं. दादाला मग उंचावरची कामं घ्यावी लागली, जिथे फ्लेक्स टिकत नाही तिथली. वर्ध्याजवळ पिपरी मेघेला नव्या इमारती उठत होत्या. त्यांची नावं वरच्या मजल्यावर, रस्त्यावरून वाचता येतील अशी मोठी रंगवायची असायची. थंडीत एके सकाळी बांबूच्या परांचीवर तो उभा होता, दोर तुटला आणि तो खाली आला.

नालवाडीहून मी सर्वांत आधी दवाखान्यात पोचले. तो बोलत नव्हता. देवळीहून आईबाबा आले. आई पायाशी बसली आणि उठलीच नाही. बाबा बाहेरच्या बाकावर बसले. मी त्यांच्याजवळ गेले तर त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "काई होत नाई त्याले. तो त भिंतीवर नाई ना, बाई."

मी हो म्हटलं.

डॉक्टर ये-जा करत होते. दर वेळी दार उघडलं की बाबा माझ्याकडे वळून तेच म्हणायचे. तो भिंतीवर नाई. त्याले हार पडला नाई. मी काढूच देल्लं नाई. माझे बाबा अडाणी नव्हते, रोज पेपर वाचायचे, पण त्या बाकावर त्यांच्याकडे आधाराला दुसरं काहीही नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही. मलाही दुपारपर्यंत ते थोडं थोडं खरं वाटू लागलं होतं. ती भीतीच आपल्या उपयोगी पडेल तर पडू दे, असं मी मनात म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला.

देवळीला आणलं तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती, पुसलेली आणि न पुसलेली, सगळी. पानठेलेवाल्या काकू माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि म्हणाल्या, "आमच्यापैकी कोणाचं तरी मरण यानं नेलं वं माय." मला ते ऐकवलं नाही. मी त्यांना ढकललंच जवळजवळ. माझ्या भावानं कोणाचं काही नेलं नव्हतं, त्याचा दोर कच्चा होता.

त्या तेरा दिवसांत मधल्या खोलीत दादाचा एक फोटो लावला, लायसन्ससाठी काढलेला मोठा करून. त्यात तो कोणाच्याही घरचा वाटत होता. बाबा त्या फोटोकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे.

तेरवीच्या सकाळी पानठेलेवाले काका अंगणात आले. हातात झेंडूचा आणि शेवंतीचा मोठा हार. गल्लीतल्या बायकांनी सवयीप्रमाणे पहाटे ओवला होता. काका पायरीपर्यंत आले आणि तिथेच थबकले. हार घेऊन भिंतीवर जायचं, आणि भिंतीवर दादा नाही, हे त्यांच्या तिथेच लक्षात आलं असावं. सगळ्या गल्लीला त्यानं काढलं आणि सगळ्या गल्लीचे टिळे त्यानं काढले. आता त्याचा काढायला कोणी नव्हतं आणि जागाही नव्हती.

"हार त आणला जी," काका म्हणाले. "पण टाकावा कुठी?"

बाबा उठले. "त्याले मीच नाई म्हटलं होतं," ते म्हणाले, आधी काकांना, मग आईला, जसं काही तिला ते माहीतच नव्हतं. "मायच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातलती मी. म्हून तो नाई तथी." त्यांनी काकांच्या हातातून हार घेतला आणि मला म्हणाले, "चाल."

ते अनवाणीच निघाले आणि बस स्टँडकडे वळले नाहीत. गल्लीतून सरळ चालत गेले. मागे काका, काकू, मंडळाची पोरं, आणि शेवटी आईसुद्धा. भिंत आली. उन्हं नुकतीच तिच्यावर आली होती. बाबा एका टोकापासून चालू लागले, एकेका चेहऱ्याशी थांबत. कोपऱ्यावरच्या आजीशी थांबले, बैलाशी थांबले, हिरव्या साड्यांशी थांबले. लिंबाच्या झाडांशीही थांबले. जिथे ज्याला काढलं होतं तिथे त्याला ते ओळखत होते, टिळा असो नसो. दुकानात आयुष्यभर याच माणसांना त्यांनी साखर आणि तेल दिलं होतं.

दुसऱ्या टोकाला पोचल्यावर ते मागे सरले, सगळी भिंत एकदम दिसावी म्हणून. सरकत सरकत रस्त्याच्या मध्यावर आले. हार हातातच होता. तिथे उभं राहून त्यांनी पाहिलं, आणि मला दिसलं की ते गोंधळले आहेत.

"हे सारे मलेच काऊन पाहून राह्यले वं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले, तेव्हा मलाही ते जाणवलं. गल्लीतली सगळी माणसं, म्हातारी, पोरं, नथवाली, मिशीवाले, सगळी आमच्याकडेच बघत होती आणि सगळ्यांच्या तोंडावर थोडं थोडं हसू होतं, कोणी तरी समोर बसून त्यांना हसवत असल्यासारखं.

"तुमाले नाई, बाबा," मी म्हटलं. "ते दादाले पाहून राह्यले. तो अथीच बसे ना स्टूल टाकून."

बाबांनी पायाखालच्या डांबराकडे पाहिलं. मग ते गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले, हार त्या जागेवर नीट गोल मांडला आणि त्याच्याशेजारी रस्त्यातच बसले. बाजाराकडे निघालेली एक बैलबंडी थांबली. तिच्या मालकानं बैलांचे कासरे ओढून धरले.

"लय चांगलं काढलं रे, बाबू," बाबा म्हणाले. "लय चांगलं काढलं."

दादा जिवंत असताना हे एवढंच त्याला ऐकायचं होतं. आई येऊन दुसऱ्या बाजूला बसली.